झोपमोड

नातीला पहिल्यांदाच बघायला आप्पा, केतकीचे सासरे, एसटीने पाच तासांचा प्रवास करून तिच्या माहेरी पोचले, तेव्हा बाळ रडून रडून नुकतंच झोपलं होतं.

मोरीवर हात धुऊन, पुसून ते म्हणाले, "जरा मांडीवर देतेस?"

"आप्पा, आत्ताच झोपलीय हो. उठली की देते," म्हणत केतकीने खोलीचं दार लोटून घेतलं.

"असू दे, असू दे. झोपमोड नको."

जेवणं झाली. लेकीशेजारी केतकीचाही डोळा लागला. जाग आली तेव्हा आप्पा चारची शेवटची गाडी गाठायला निघून गेले होते.

"मी तुला उठवणार होते, तर मलाच नको म्हणाले," आई म्हणाली. "थकल्यात दोघी, झोपू दे म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचा फोन आला. "आप्पा जाम खूश आहेत! नात तासभर मांडीवर खेळली, बोट सोडतच नव्हती, असं गल्लीभर सांगत सुटलेत."

केतकीने शेजारी झोपलेल्या लेकीकडे पाहिलं. पाच मिनिटं दिली असती तर काय बिघडलं असतं?

"हो ना," ती कशीबशी म्हणाली. "त्यांच्याकडे बघून सारखी हसत होती."