समासातली नोंद

"विधवा," रुपर्ट टॉर्टनने वाचलं, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

जिल्ह्याच्या दफ्तरखान्यातल्या लांब टेबलावर चर्चची जुनी लग्ननोंदवही उघडी होती. अकरा फेब्रुवारी १८५१. वर एनॉक टॉर्टन, वय एक्केचाळीस, सुयांचा कारखानदार. वधू केझाया हार्बिज, वय चोवीस, विधवा.

या एका तारखेसाठी तो बहिणीला घेऊन आला होता. पाच वर्षं खपून त्याने घराण्याचा इतिहास लिहिला होता. गुरुवारी जुन्या कारखान्याच्या भिंतीवर एनॉकच्या नावाची पाटी लागायची होती, तेव्हाच त्या इतिहासाची पुस्तिका वाटायची होती. छापखाना फक्त या तारखेसाठी अडला होता.

"पणजी विधवा होती हे कधी कुणी बोललं नाही," तो म्हणाला.

"आपल्या घरात कधी कोण काय बोलायचं?" विनिफ्रेड म्हणाली. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, चौऱ्याहत्तरची. "आजोबांचा जन्म कधीचा?"

"दोन एप्रिल."

"साल?"

रुपर्टने लग्नाच्या तारखेवर बोट ठेवलं. साल तेच होतं. पुस्तिकेत त्यानेच लिहिलं होतं.

विनिफ्रेडने बोटांवर मोजलं. "सात आठवडे. म्हातारा एनॉक घरातल्या चित्रात दिसतो तेवढा सोवळा नव्हता म्हणायचा!"

"हळू बोल, विनी."

तेवढ्यात दफ्तरखान्याच्या मिसेस पार्डोंनी त्याने मागितलेली दुसरी वही आणून ठेवली, बाप्तिस्म्यांची. आजोबांची, एड्विनची नोंद लगेच सापडली. एनॉक आणि केझाया टॉर्टन यांचा मुलगा. आणि बाजूच्या समासात, मुंगीएवढ्या अक्षरात, पाद्र्याच्या हातच्या काही ओळी. रुपर्टला त्या लागेनात. विनिफ्रेडने भिंग घेतलं आणि शब्द शब्द सोडवत वाचलं:

"या मुलाचा जन्मदाता जोब हार्बिज, टॉर्टन यांच्याकडे सुयांना टोकं काढणारा, गेल्या नोव्हेंबरात मयत, वय एकोणतीस. मुलाला आपलं नाव देणाऱ्या मि. टॉर्टन यांनी स्वतः समोर उभं राहून ही नोंद करून घेतली."

टोकं काढणारा माणूस तिशीच्या आत कशाने जातो, हे त्यांच्या गावात कुणाला सांगावं लागत नसे. सहाणेची आणि पोलादाची धूळ छातीत बसायची.

रुपर्टने आपलं हस्तलिखित पुढे ओढलं. त्यात एक अख्खं प्रकरण पंख्यांवर होतं. धूळ ओढून घेणारे पंखे गावात सर्वांत आधी एनॉकने बसवले, १८५१च्या उन्हाळ्यात. त्याच वर्षी त्याला हे का सुचलं, ते कुठे सापडत नव्हतं, म्हणून रुपर्टने 'दूरदृष्टी' असा शब्द घातला होता. आता पेन्सिल घेऊन त्याने तो खोडला. त्याच्या जागी काय लिहावं ते मात्र सुचेना.

"मन खात असेल त्याचं," तो म्हणाला.

"किंवा केझाया आवडली असेल."

"मग आपण त्याचे कुणीच नाही, विनी."

"आणि तुझं हे नाक? जन्मभर त्या चित्राखाली उभा राहून अगदी त्याचंच म्हणून पाहुण्यांना दाखवत आलास."

रुपर्टला हसू आलं, पण ओठांवर टिकलं नाही. त्याने समासातल्या शाईवर, न टेकवता, बोट फिरवलं.

"त्याने लपवलं नव्हतं," तो म्हणाला. "चांगलं लिहून ठेवलं होतं. लपवलं ते नंतरच्यांनी."

"आपण धरून," विनिफ्रेड म्हणाली. "तू नाही का आता पुस्तिकेत काय घालायचं याचा विचार करत?"

तो खरंच तोच विचार करत होता. त्याने हस्तलिखित मिटलं. मग उठला आणि काउंटरपाशी गेला.

"तारीख मिळाली ना, मि. टॉर्टन?" मिसेस पार्डोंनी विचारलं.

"मिळाली. आता चर्चच्या दफनभूमीचा नकाशा हवाय. अठराशे पन्नासचा. जोब हार्बिज."

"हार्बिज? हे कोण?"

रुपर्टने मागे वळून बहिणीकडे पाहिलं. ती भिंग पुसत होती.

"माझे पणजोबा," तो म्हणाला.

मिसेस पार्डोंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. कपाटातून नकाशाची गुंडाळी काढली, उलगडली, बराच वेळ शोधलं.

"कारखान्यातल्या माणसांच्या थडग्यांवर दगड नसायचे हो," त्या म्हणाल्या. "नेमकी जागा नाही कळायची. फार तर ओळ सांगता येईल."

"ओळ चालेल," रुपर्ट म्हणाला.