रोडेलची क्रिस

उल्हास कर्णिकांना जुन्या फिलिपिनो तलवारी जमवण्याचा नाद होता. तलवार खरी की नकली हे ठरवून घ्यायला आखातभरातले संग्राहक त्यांच्या अल कुसैसच्या घरी येत. १९९८ साली मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमधला फिटर रोडेल आपल्या आजोबांची क्रिस, म्हणजे नागमोडी पात्याची तलवार, घेऊन आला. त्याला ती विकायची होती.

मुठीखालचा भाग वेगळा घडवून पात्याला जोडलेला होता. नव्या नकलांमध्ये तिथे नुसती रेघ कोरलेली असते. अशी जोडाची, खरी जुनी क्रिस उल्हास कित्येक वर्षं शोधत होते.

"ही रेघ कोरलेली आहे, रोडेल. टुरिस्टांसाठी केलेला माल. तरी शोभेला म्हणून मी ठेवून घेईन."

"वडिलांना फोन करून सांगतो, सर," रोडेल कसाबसा म्हणाला.

तो क्रिस घेऊन गेल्यावर उल्हासच्या पत्नी अपर्णा म्हणाल्या, "अहो, किती चेहरा पडला त्याचा!"

"पडू दे. किंमतही तेवढीच पडेल."

पुढच्या शुक्रवारी रोडेल हसतमुखाने आला आणि त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक छोटं पुडकं उल्हासच्या हातात ठेवलं.

"खोटी वस्तू कुणाला विकायची नाही, असं वडील म्हणाले, सर. पण पोलाद चांगलं होतं, म्हणून वर्कशॉपमध्ये कापून दोन सुऱ्या करून घेतल्या. तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून ही एक मॅडमसाठी."