दुधात पाणी

वायोमिंग राज्यातल्या हरणांच्या शिकार-परवान्याच्या सोडतीचे अर्ज आज बंद होणार होते. त्याआधी हायडीला अर्जातून स्वतःचं नाव काढायचं होतं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. ती बसायची, उठायची, खिडकीशी जाऊन परत यायची. कॉफी तिनं पुन्हा पुन्हा गरम केली, प्यायली मात्र नाही.

बाहेर गॅरेजच्या दारात तिचे वडील आर्लन स्टुलावर बसून रायफल पुसत होते. उभा जन्म विस्कॉन्सिनच्या गोठ्यागोठ्यांतून दुधाचा टँकर फिरवलेला माणूस. घाई करणं त्यांना जमतच नसे.

सोळा वर्षं ते दरवर्षी वायोमिंगचा एकेक पॉइंट घेत आले होते. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तिथल्या प्रॉन्गहॉर्न हरणाच्या शिकारीचा परवाना सोडतीतूनच मिळतो, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याचा नंबर आधी. आर्लनना हवा होता तो शिकारीचा पट्टा उंचावरच्या माळाचा. मैलोन्‌मैल सरकारी जमीन, कुठे कुंपण नाही, आणि नर असे की शिंगं लांबूनही नजरेत भरावीत. नकाशावर त्यांचं बोट तिथे इतकं फिरलं होतं की कागद मऊ पडला होता. यंदा त्यांचा नंबर नक्की लागणार होता.

आणि एप्रिलमध्ये त्यांनी अर्ज भरला तो जोडीचा. स्वतःचा आणि हायडीचा.

हायडीनं हो म्हटलं. लग्न मोडून ती माहेरी आली होती, दोन नोकऱ्या धरून सोडून झाल्या होत्या, आणि कुठेच जीव रमत नव्हता. बापाला सोबत हवी असेल, तिला वाटलं. मग दर रविवारी ते तिला जुन्या खडीच्या खाणीत नेऊ लागले. गवताकडे बघून वारा कसा ओळखायचा, मोकळ्या माळावर अंतर कसं फसवतं, हरीण पडल्यावर आधी कातडं उतरवून मांस कसं गार करायचं, सगळं सांगायचे. तिचं चुकलं की पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मात्र स्वतः ट्रकमधून उतरत नसत. नेम लागला का ते बघायला निशाणाच्या कागदापर्यंत चालत जायचं ते तिनंच. बसल्या जागेवरून चूक नीट दिसते, असं त्यांचं म्हणणं. वसंतात त्यांनी रायफलचा लाकडी दस्ताही दोन बोटांएवढा कापून आखूड केला होता. वय झालं की हात आखडतात, म्हणाले होते.

खरी गोष्ट तिला शुक्रवारी कळली. माशांच्या जेवणाला सगळं गाव जमतं, तिथे आर्लनचा जुना दोस्त ड्वेन तिच्या शेजारी येऊन बसला. जोडीच्या अर्जात दोघांचे पॉइंट मिळवून सरासरी धरतात, त्यानं समजावलं. बापाचे सोळा, तुझं शून्य. म्हणजे दोघांचे आठ-आठ. आठात कुठलातरी बरा पट्टा मिळेल, पण तो उंचावरचा माळ या जन्मी नाही. आणि परवाना निघाला की जमवलेलं सगळं संपतं, परत शून्यापासून सुरुवात.

"सोळा वर्षांच्या दुधात पाणी ओतलंस, पोरी," तो बटाट्याची फोड तोंडात टाकत म्हणाला. "आणि तुझा बाप असा शहाणा, की स्वतःच बादली धरून उभा."

टेबलाशी बसलेले सगळे हसले. हायडीही हसली. तेव्हापासून तिला चैन नव्हतं. आजवर तिनं जे मोडलं होतं ते स्वतःचं होतं. हे त्यांचं होतं.

ती लॅपटॉप तसाच सोडून बाहेर आली.

"बाबा, मी माझं नाव काढतेय. तू एकटा जा. तुझ्या खऱ्या जागी."

आर्लननी मान वर केली नाही. "ड्वेनच्या तोंडाला कुलूप नाही," ते म्हणाले. "नाव राहू दे."

"का राहू दे? मला तर शिकारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्यासाठी कशाला अर्धे घालवतोस?"

ते नळी पुसत राहिले. तिला ते सहन होईना. तिनं रायफल त्यांच्याकडून घेतली, रिकामी असल्याची खात्री केली, त्यांनीच शिकवलं होतं तशी, आणि परत त्यांच्या हातात दिली.

"धर नेम. त्या कोठाराच्या छपरावर. मला बघू दे, सोळा वर्षं थांबलेला माणूस कसा दिसतो ते."

आर्लननी दस्ता खांद्याला लावला. त्यांच्या अंगठ्याचं हाड नाकावर आपटलं. रायफलवरची दुर्बीण भुवईला टेकली. त्यांनी मान मागे घेतली, कोपर वर केलं, पुन्हा जमवून पाहिलं. त्या लांब हातांत रायफल खेळण्यासारखी दिसत होती. तेवढ्यानंच त्यांना धाप लागली, आणि ती ओसरायला बराच वेळ गेला.

खाणीत हीच रायफल हायडीच्या खांद्यात पहिल्याच दिवशी बरोबर बसली होती.

"मार्चमध्येच डॉक्टर म्हणाला," आर्लन म्हणाले. "सात हजार फुटांवर हे फुप्फुस चालणार नाही. यंदा नाही, पुढेही नाही."

हायडी तिथेच खाली, पायरीवर बसली.

त्यांनी रायफल तिच्या मांडीवर ठेवली.

"वायोमिंगला फोन करून विचारलं मी. पॉइंट मुलीच्या नावावर करता येत नाहीत म्हणाली फोनवरची बाई. जोडीनं अर्ज केला, तर अर्धे तेवढे देता येतात."