माळ्यावरचे डबे

मष्णूनं कॅमेऱ्याची चावी पिळून ठेवली होती. सांबऱ्याच्या माळावर ढग आला होता आणि तो बाजूला व्हायची वाट बघत मष्णू उभा होता. तेवढ्यात त्याच्या दुकानातला भरमा सायकल दामटत आला. सायकल लावायचंही त्याला सुचलं नाही. तिथंच टाकली.

"मष्णूअण्णा, घरला चला."

"एवढं होऊ दे रं. ऊन येतंयच."

"वैनी गेल्या, अण्णा."

चुलीपुढं बसल्या बसल्या शालूबाईच्या छातीत कळ आली होती. रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं.

बेळगावात मष्णूचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पण लोक त्याला ओळखायचे ते गोष्टींमुळं. त्याच्या गोष्टी सगळ्या पुढच्या काळातल्या. चंद्रावर वसलेलं एक गाव, तिथं सरकार नाही, शिक्का नाही, नाका नाही. माणसं एकमेकांशी बोलून आपलं आपण चालवतात. एकदोन दिवाळी अंकांनी त्या छापल्या, बाकीच्या परत आल्या. सीमेचा वाद पेटला की चहाच्या दुकानात कुणीतरी हटकून विचारायचं, "बेळगाव कुणाचं वं, मष्णूअण्णा?"

"जो हितला केर काढतोय त्याचं."

दोन्ही बाजूंची माणसं त्याच्यावर रुसलेली असायची.

मग त्यानं सिनेमा काढायला घेतला. कोल्हापुरातून जुना चावीचा कॅमेरा आणला. दुसऱ्यांच्या सिनेमातली उरलीसुरली कोरी रिळं आणली. गोष्ट त्याची होती. पृथ्वीवरचे सगळे नाके उठलेत. एक बाई चालत निघालीय आणि तिला कुणीच अडवत नाही. काम करायला दुसरं कोण मिळणार? शालूबाईच उभी राहिली. ती निपाणीची, तंबाखूच्या वखारीत वाढलेली.

"अवं, नुसतं चालायचंच हाय? बोलायचं काय न्हाय?"

"न्हाय. ह्यात आवाज न्हाय."

"मग बरं हाय. घरात बी तुमीच बोलताय."

रीळ बदलताना मष्णू डोक्यावरून घोंगडं घ्यायचा आणि आत चाचपडत काम करायचा. शालूबाई बाहेरून हसायची. "आत अंडी उबवताय काय?"

एकदा पावसाळ्यात तो एकटाच निपाणीकडच्या रस्त्याचं चित्रण आटपून येत होता. वाटेत एका नाक्यावर शिपायानं त्याला बसमधून उतरवलं.

"काय हाय डब्यात? गांजा?"

"उघडू नका, साहेब! न धुतलेलं रीळ हाय. उजेड लागला की मरतंय!"

तोवर झाकण निघालं होतं. त्या दिवशीचं सगळं गेलं.

मष्णू चिंब भिजून घरी आला. डबा जमिनीवर टाकला. "गेलं सगळं. नाक्यावर घालवलं." एवढंच बोलला आणि रागारागानं गोष्ट लिहायला बसला. शालूबाईनं डबा उचलला. त्यातनं पाणी निथळत होतं. तिनं पदरानं तो आतबाहेर पुसला.

"आता हे डबे मी सांभाळीन," ती म्हणाली.

तेव्हापासनं डबे तिच्याकडं. मष्णूनं चिकटपट्टी लावून बंद केलेला डबा तिच्या हातात द्यायचा आणि तिनं तो माळ्यावर ठेवायचा.

रिळं मुंबईला धुऊन आल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. धुणारे म्हणायचे, सरकारी परवानगीच्या अर्जावर सही करून पाठवा. मष्णू म्हणायचा, माझ्या गोष्टीला परवानगी कुणाची? वर्षं गेली. सिनेमा पुढं सरकत होता आणि डबे वाढत होते.

"कवा दावणार वं मला?" शालूबाई विचारायची.

"दावतो की."

नवरात्राच्या तोंडावर ती दसरा काढायला घ्यायची. घरातली गोधडी न् गोधडी धुऊन निघायची, भांडी अंगणात यायची. बसायला जागा राहायची नाही. मग मष्णू रिळं आणायचं निमित्त करून कोल्हापूरला पळायचा. घर लख्ख झालं की परत यायचा.

बारावं झाल्यावर त्यानं तिचा फोटो शोधला. लग्नातला एकच होता. त्यात तिची मान खाली आणि पदर कपाळावर. तिचा चेहरा कुठंच नव्हता. होता तो माळ्यावरच्या डब्यांत. तिथं ती चालत होती, वळून बघत होती, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून हात आडवा धरत होती.

मष्णूनं अर्ज घेतला आणि सही केली.

"सही केलीसा, अण्णा?" भरमा बघतच राहिला. "आन् जन्मभर भांडलासा ते?"

"तिला बघायचंय मला रं."

त्यानं डबे खाली काढले. जुन्या लुगड्यात नीट बांधून ठेवले होते. मधे मधे कडुनिंबाचा पाला. डब्यांवरच्या पट्ट्या नव्या होत्या, कडेला जराही सुटलेल्या नव्हत्या. त्याचा हात तिथं थोडा वेळ थांबला. मग तो डबे खोक्यात भरून सुतळी बांधायला लागला.

शेजारची नागुबाई चहा घेऊन आली.

"शालूआक्काचे डबे न्हवं हे?"

"व्हय. मुंबईला धाडतोय. धुऊन आले की दिसंल ती."

"बरं झालं, बाई. लई जीव लावला बघा तिनं त्यास्नी." नागुबाईनं डोळ्याला पदर लावला. "दर साली दसरा काढताना पहिल्यांदा हेच खाली घ्यायची. एका दोरीवर गोधड्या, दुसरीवर ही रिळं. पार उलगडून दिसभर ऊन द्यायची. मी बी धरू लागायची की. म्हणायची, ओल लागून एकदा गेलंय त्यांचं, पुन्यांदा जाऊ द्यायची न्हाय. सांजच्याला हलक्या हातानं गुंडाळायची आन् नवी पट्टी लावायची. तुमास्नी सांगू नको म्हणायची. घ्या, च्या निवतोय."

डबे मुंबईला पाठवायचे राहिले.