कमी पाण्याचं गवत

"पाचवं ठोंबही गेलं, ताई," माळी म्हणाला. त्याने निळ्या पात्यांचा झुबका जरासा ओढला, तर तो अख्खा हातात आला. मुळं काळी पडली होती, कुजकट वास येत होता. "पाणी जास्त झालंय."

"अहो, तुम्हीच सांगितलंत ना, पंधरा दिवसांतून एकदा? तेवढंच घालते मी. तेही वाटीने!"

ती कळवळून सांगत होती, आणि ते खरंच होतं. कुंपणाच्या कडेचं हे निळं गवत तिच्या नवऱ्याने लावलं होतं. नऊ ठोंबं, हात-हात अंतरावर. आठ दिवस झाले नाहीत तोच कामावरून परतताना त्याला ट्रकने उडवलं. वर्ष झालं त्याला. त्याच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं.

लावलं त्या दिवशी माळ्याने थट्टा केली होती, "साहेब, हे गवत म्हणजे जावई नव्हे. सरबराई केलीत तर मरेल. विसरून जा, मग बघा कसं फोफावतं!" सगळे हसले होते. सासऱ्यांनी मात्र ते पुन्हा नीट विचारून घेतलं. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची खोडच.

माळ्याने नळ पाहिला, पाइप पाहिला. गळती कुठेच नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाचं पत्र आलं होतं. औषध विभागाची प्रमुख म्हणून. नवऱ्यानेच मागे लागून अर्ज करायला लावला होता. रुजू व्हायला वर्षअखेरपर्यंत मुदत होती.

"जा पोरी," सासरे तेव्हा म्हणाले होते. "एकतीस वर्षांची आहेस. इथे माझ्या गोळ्या मोजत म्हातारी होणार का?"

"ह्यांचं गवत जिवंत आहे तोवर मी हे घर सोडणार नाही, बाबा. आणि तुम्हाला कोण बघणार?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पण तिला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सासऱ्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. "म्हातारा पक्का मतलबी. सून हातची सुटायला नको त्याला," शेजारीण म्हणायची. तसं दिसतही होतं. ठोंबं पिवळी पडायला लागल्यापासून त्यांचा सगळा जीव त्या गवतात. माळ्याला बोलावून आणणार तेच. ती कामावरून आली की चहाच्या आधी सांगणार, "आज कडेचंही मान टाकतंय गं."

कधीकधी त्यांच्या पायजम्याच्या कडा ओल्या दिसायच्या. वयाचं काही असेल, बिचाऱ्यांना लाज वाटेल, म्हणून ती न बोलता तो धुवायला टाकायची.

शेवटचं ठोंब एका रविवारी गेलं. ती तिथेच मातीत बसली आणि हमसून हमसून रडली. "एवढंसं होतं हो बाबा. तेही मला सांभाळता आलं नाही!"

गुडघे वाकत नव्हते, तरी सासरे तिच्याजवळ खाली टेकले. मुलगा गेला तेव्हाही रडले नव्हते इतके रडले. "तुझा दोष नाही. गळ्याशपथ सांगतो, तुझा काही दोष नाही." मग नाक पुसून म्हणाले, "आता कशाला थांबतेस?"

महिनाअखेर ती निघाली. गोळ्या वारांप्रमाणे डब्यांत लावून ठेवल्या, शेजारणीला दोन वेळच्या जेवणाचं सांगितलं, आणि फाटकातून तीनदा मागे फिरली.

"रोज फोन करीन."

"रोज नको. काम कर."

गाडी वळून दिसेनाशी झाली. सासऱ्यांचा वर केलेला हात बराच वेळ तसाच होता.

माळी वाफा उकरायला आला होता. रिकामी रांग पाहून त्यालाच गलबलून आलं. "काका, माझ्याकडे एक ठोंब शिल्लक आहे. लावू का? पण परत कुजलं, तर तुमच्याच जिवाला त्रास."

म्हातारबाबा पायरीवर टेकले.

"लाव," ते म्हणाले. "आता नाही घालत मी पाणी."