चौदा माणसांचा स्वयंपाक

साठावी पोळी तव्यावर टाकली तेव्हा आशाच्या ध्यानात आलं, पहाटे पाणी भरायला उठल्यापासून आपण टेकलेलोच नाही. बाहेरच्या खोलीत हशा पिकला होता. सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत चार दिवस चौदा माणसं राहत होती. सुरतेहून दिनेश, पुण्याहून गोरक्ष, मनमाडहून ज्योत्स्ना, सगळे पोराबाळांसकट. सहा वर्षांनी भावंडं अशी एकत्र जमली होती.

"ताई, दर मे महिन्यात असंच जमायचं हां!" दिनेश आत डोकावून म्हणाला आणि गरम पोळी उचलून गेला.

आशा हसली. आनंद तिलाही झाला होता. भाचरं गळ्यात पडत होती, घर भरून गेलं होतं. पण पाय नुसते ठणकत होते, आणि हा थकवा चार दिवसांचा नव्हता. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. शाळेत नोकरी धरली, तिघांची शिक्षणं केली, लग्नं लावून दिली. तीन वर्षांपूर्वी आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून आईची अंघोळ, कपडे, औषधं, सगळं तिच्याकडेच. कुणी तसं ठरवलं नव्हतं. चालत आलं होतं, एवढंच.

फेब्रुवारीत हिरामण सरांनी लग्नाचं विचारलं होतं. पूर्वी तिच्याच शाळेत होते, आता सिन्नरला. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. सरळ माणूस. "बेचाळिशीत कसलं लग्न, सर?" म्हणून आशानं आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाली, "आईला सोडून नाही येता येणार." घरात मात्र तिनं कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही.

जेवणं उरकली. उद्या सगळे निघणार होते, बॅगा भरणं सुरू झालं. तेवढ्यात पलंगावरून आईनं, भागीबाईंनी, हाक मारली. आजारानं जीभ जड झाली होती, पण बोलणं कळत होतं.

"आशे, भांडी राहू दे. इथं माझ्याजवळ बस."

ती पदराला हात पुसत येऊन बसली.

"ते हिरामण सर येऊन गेले मागं. तू शाळेत होतीस. तू लग्नाला नाय म्हणालीस, ते सांगितलं त्यांनी." बॅगा भरणारे हात थांबले. "मला एकच सांग. मी धडधाकट असते, तर काय म्हणाली असतीस?"

सगळे आपल्याकडे बघताहेत, हे आशाला न बघताच कळत होतं. तिनं पुसलेले हात पुन्हा पदराला पुसले.

"हो म्हणाले असते," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही.

ज्योत्स्नानं तिचा हात घट्ट धरला. गोरक्षनं डोळे पुसले. दिनेश जरा अवघडून म्हणाला, "चांगलंच आहे की, ताई. पण आई... मग तुझं कोण करणार?"

भागीबाईंनी तिघांकडे एकेक करून पाहिलं.

"ते ठरवायलाच तर तुम्हाला बोलावलंय."