जीवखडा

प्रदर्शनात मुक्ताच्या डिजिटल चित्रासमोर परीक्षक थांबले. चित्रात गंगा आभाळाकडे उलटी वाहत होती. घाटावरच्या मुलीला तोंडाच्या जागी काळा खडा होता. ते म्हणाले, "गंगा म्हणजे मोक्ष, खडा म्हणजे मौन." तिच्याबरोबर आलेले काका हसले. "मौन कसलं, सरजी! घरी हिची टकळी थांबते कुठे?" मुक्ताच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या वर्षी काशीला मणिकर्णिका घाटावर, बाबांच्या चितेपाशी, याच काकांनी "मुलींनी अग्नी द्यायचा नसतो, मागे हो," म्हणत तिला ढकललं होतं. ज्यानं मडकं फोडलं तो जीवखडाही शिवू दिला नव्हता. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्यातच राहतो. तिनं पिशवीतून काळा खडा काढून चित्राखाली ठेवला. "काका, दहाव्याला तुम्ही गंगेत सोडलात तो मी घाटावरून उचलून बदली ठेवलेला दगड होता. बाबा इथे आहेत." काकांनी खड्याकडे हात नेला. "शिवायचं नाही," ती म्हणाली. "मागे व्हा."